बागेतल्या एका ड्रमचं प्रकरण: मोरचूद, जुना चुना आणि मोलचा हिशोब

मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यात. आमच्याकडे अकरावीला येणाऱ्या पोरांपैकी बऱ्याच जणांच्या घरी बाग असते, आणि रेणू, आयन, संयुग, मोल हे चार शब्द वहीत लिहून घेणारी हीच पोरं घरी गेल्यावर ड्रममध्ये काठी फिरवून बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारायचं मिश्रण, बनवत असतात, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून हे प्रकरण सगळं आकड्यांसकट लिहितेय.

ऑगस्टमधली गोष्ट. खरड छाटणी (द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी) एप्रिलमध्ये झालेली, काड्या पक्व व्हायच्या मार्गावर, आणि वरून चार-पाच दिवस झड लागलेली, ऊन नाहीच. अशा हवेत डाऊनी आणि करपा या दोन्ही रोगांची भीती असते म्हणून एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी एक टक्का बोर्डो मारायचं ठरवलं. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, त्याला २ किलो मोरचूद, फडक्यात पोटली बांधून रात्रभर पाण्यात लटकवून विरघळवलेलं, आणि ६०० ग्रॅम चुन्याची पावडर वेगळ्या बादलीत कालवून गाळून घेतलेली. हे माप त्यांचं गेल्या वर्षीचंच, गेल्या वर्षी काही त्रास झाला नव्हता. फवारणीचा एचटीपी पंप, पाईप, गन, सगळं नेहमीचं. दोन दिवसांनी बघतात तर काही ओळींतले शेंडे आणि कोवळी पानं तपकिरी-काळी पडलेली, कडा जळाल्यासारख्या वळलेल्या, जुन्या पानांवर ठिपके ठिपके.

वडिलांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "मॅडम, मोरचूदच बोगस निघालं बघा यंदा, दुसरं काय." आजोबांचं म्हणणं, मजुरानं गन एकाच जागी जास्त वेळ धरली असणार. शेजारी म्हणाले पावसाचं पाणी वापरलंत का, त्याने होतं. मुलगा मात्र शांतपणे ओळी मोजत बसला होता आणि त्याने जे सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं: जळालेल्या ओळी सलग आहेत, मध्येच एका ओळीत अर्ध्यावर थांबतात, आणि तिथून पुढची सगळी बाग ठणठणीत आहे.

अर्धी ओळ म्हणजे जिथे पहिला ड्रम संपला आणि दुसरा सुरू झाला ती जागा. दोन्ही ड्रमला मोरचूद एकाच गोणीतलं, पाणी एकाच विहिरीचं, माणूस तोच, गन तीच. म्हणजे बोगस मोरचूद, पाणी, मजूर हे तिन्ही संशयित तिथल्या तिथे सुटले, कारण त्यांच्यापैकी कुणाचा दोष असता तर दुसऱ्या ड्रमच्या ओळी पण जळाल्या असत्या. फरक फक्त एका गोष्टीत होता. पहिल्या ड्रमसाठी गेल्या वर्षीच्या उरलेल्या पिशवीतला चुना वापरला होता, तोंड नुसतं सुतळीने बांधलेली पिशवी, शेडमध्ये अख्खं वर्ष पडून, दोन पावसाळे खाल्लेली. दुसऱ्या ड्रमला नवी पिशवी फोडली होती.

पहिल्या ड्रमच्या तळाचं थोडं मिश्रण नशिबाने राहिलं होतं, ते मुलाने पाण्याच्या बाटलीत भरून आणलं. बाटली टेबलावर ठेवली, गाळ खाली बसू दिला. चांगल्या बोर्डोत गाळ आकाशी निळा दिसतो आणि वर उरलेलं पाणी जवळजवळ बिनरंगी असतं. या बाटलीत खालचा गाळ निळा होता आणि वरचं पाणी पण निळं होतं, स्वच्छ, पारदर्शक, कॉलेजातल्या कॉपर सल्फेटच्या द्रावणाच्या रंगाचं. पीएच पेपर लावला तर पाचच्या आसपास, म्हणजे आम्ल बाजूला. मग विळ्याचं पातं सॅन्डपेपरने घासून चकचकीत केलं आणि त्या पाण्यात बुडवून मिनिटभर धरलं. बाहेर काढलं तेव्हा बुडालेल्या भागावर तांबूस थर, बोटाने पुसला तर बोटाला लागतो. बागायतदारांना ही विळ्याची परीक्षा माहीत असते, तांबूस आलं तर अजून चुना टाक एवढं त्यांना पाठ असतं, पण तो थर म्हणजे खरोखरचा तांबा धातू आहे आणि तो पाण्यातून आलाय हे सांगितल्यावर वडील पातं बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिले.

आता इथे थोडं थांबून आत काय चाललंय ते बघायला पाहिजे.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यासकट. पोरं सर्रास म्हणतात "मोरचुदाचा रेणू". पाण्याचा रेणू असतो, साखरेचा असतो, कार्बन डायऑक्साइडचा असतो, म्हणजे ठरावीक अणू एकमेकांना धरून एक सुटं एकक बनतं, ते पाण्यात विरघळलं तरी साखरेचा रेणू साखरेचा रेणूच राहतो. मोरचुदाच्या खड्यात असं सुटं एकक नसतंच. तिथे दोन धन प्रभार असलेला तांब्याचा आयन आणि दोन ऋण प्रभार असलेला सल्फेट आयन यांची लांबच लांब मांडणी असते, आणि त्या मांडणीत दर तांब्यामागे पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात. चार तांब्याला चिकटून आणि पाचवा सल्फेटच्या बाजूला हायड्रोजन बंधाने धरलेला. खडा तव्यावर तापवला की हे पाणी उडून जातं आणि निळा खडा पांढरी पावडर होतो, थेंबभर पाणी टाकलं की परत निळा. म्हणून सूत्र लिहिताना आपण फक्त प्रमाण लिहितो, एक तांबा, एक सल्फेट, पाच पाणी. सल्फेटच्या आत मात्र गंधक आणि ऑक्सिजन एकमेकांना पक्के धरून असतात, त्यामुळे सल्फेट पाण्यात फुटत नाही, अख्खाच फिरतो.

खडा ड्रममध्ये विरघळला की ही मांडणी सुटते. तांब्याचे आयन वेगळे, सल्फेटचे वेगळे, प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू गोळा झालेले. विळ्याचं लोखंड अशा मोकळ्या तांब्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन देतं, स्वतः आयन होऊन पाण्यात जातं आणि तांबा धातू होऊन पात्यावर बसतो. तांबा जर संयुगात अडकून गाळात बसलेला असेल तर हे घडत नाही. म्हणजे विळ्याची परीक्षा तांबा आहे का हे विचारतच नाही, तांबा मोकळा आहे का हे विचारते. आणि या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं तेवढंच आहे.

चुन्याचं काम तांब्याला मोकळं न राहू देण्याचं. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात तो कॅल्शियमचे आयन आणि हायड्रॉक्साइडचे आयन देतो. हायड्रॉक्साइड तांब्याला पकडतो आणि न विरघळणारं निळं संयुग तयार होतं. पुस्तकात सोयीसाठी कॉपर हायड्रॉक्साइड लिहितात, प्रत्यक्षात बोर्डोत मुख्यतः बेसिक कॉपर सल्फेट बनतं, ज्यात चार तांब्यांमागे सहा हायड्रॉक्साइड आणि एक सल्फेट असतो. उरलेला सल्फेट कॅल्शियमबरोबर जातो, ते जिप्सम. आता हिशोब बघा, सहा हायड्रॉक्साइड म्हणजे तीन चुना, कारण एका कॅल्शियममागे दोन हायड्रॉक्साइड. म्हणून चार मोरचुदामागे निदान तीन चुना लागतो, आणि सगळा तांबा हायड्रॉक्साइडपर्यंत न्यायचा तर चारास चार.

चारास तीन कसलं? ग्रॅम नाही, किलो नाही. नग. आयनांची मोजदाद. ड्रमसमोर उभ्या माणसाकडे मात्र वजनकाटा आहे, आयन मोजायचं यंत्र नाही, आणि ही अडचण सोडवायलाच मोल आहे. बँकेत सुट्ट्या नाण्यांची पिशवी वजनावरून मोजतात, एका नाण्याचं वजन ठरलेलं असतं म्हणून पिशवी काट्यावर टाकली की नग कळतात, तसंच हे. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके नग, २०१९ पासून तर हा आकडा व्याख्येनेच पक्का ठरवलाय, आणि त्या त्या पदार्थाच्या एका मोलचं वजन अणुभारांची बेरीज करून निघतं. मोरचुदाचं, पाच पाण्यासकट, २४९.७ ग्रॅम. विरलेल्या चुन्याचं ७४.१ ग्रॅम. पोरं पाच पाणी विसरतात आणि १५९.६ धरतात, तिथेच गणित बिघडतं, कारण मोरचुदाच्या वजनातलं ३६ टक्के नुसतं पाणी आहे आणि तांबा फक्त २५ टक्क्यांच्या जरा वर.

२ किलो मोरचूद भागिले २४९.७, म्हणजे ८.०१ मोल. आठच धरा. आठ मोल तांब्याला निदान सहा मोल चुना पाहिजे. ६०० ग्रॅम भागिले ७४.१, म्हणजे ८.१ मोल. कागदावर भरपूर झाला! वडिलांचं माप चुकीचं नव्हतंच, काटा पण खरा होता. मग तांबा मोकळा कसा राहिला?

कारण त्या ६०० ग्रॅममध्ये चुना ६०० ग्रॅम नव्हता.

विरलेला चुना उघडा राहिला की ओलाव्याच्या मदतीने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे चुनखडीच, फळ्यावरच्या खडूच्या जातीची. दिसायला तीच पांढरी भुकटी, हाताला किंचित खरखरीत, बाकी काही कळत नाही. आणि वाईट म्हणजे यात वजन वाढतं. ७४ ग्रॅम चुन्यातून १८ ग्रॅम पाणी जातं, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो, होतात १०० ग्रॅम. म्हणजे पिशवी जड होत जाते आणि कामाचा माल कमी होत जातो, काटा दोन्ही वेळेला खरंच सांगतो.

पहिली तपासणी स्वयंपाकघरातली. दोन वाट्या, एकीत जुना चुना, एकीत नवा, दोन्हींवर व्हिनेगर. नव्यावर एखाददुसरा बुडबुडा, जुन्यावर फसफसून फेस. फेस म्हणजे कार्बोनेट. पण किती कार्बोनेट हे फेसावरून कळत नाही, त्यासाठी लॅबमध्ये टायट्रेशन लावलं, म्हणजे मोजून अॅसिड घालत किती लागतं ते बघायचं, आणि पोरांनी इतक्या आवडीने टायट्रेशन केलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. चुना साध्या पाण्यात फारच कमी विरघळतो म्हणून साखरेच्या पाण्यात हलवायचा, साखर कॅल्शियमला धरून चुना पाण्यात खेचते, चुनखडी मात्र तशीच तळाला राहते. मग फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब, गुलाबी रंग, आणि ब्युरेटमधून ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिड. नव्या चुन्याच्या १ ग्रॅमला गुलाबी रंग जायला जवळजवळ ५० मिलीलिटर लागलं. जुन्याच्या १ ग्रॅमला २१ ते २२. रंग इतक्या लवकर गेला की ब्युरेट धरणाऱ्या मुलीला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, परत केलं, तेच.

आकडे मांडले. २१.६ मिली गुणिले ०.५ म्हणजे १०.८ मिलीमोल अॅसिड, एका चुन्याला दोन अॅसिड लागतात म्हणून ५.४ मिलीमोल चुना, गुणिले ७४.१, म्हणजे ०.४ ग्रॅम. १ ग्रॅममध्ये ०.४. जुनी पिशवी ४० टक्क्यांवर आली होती. नवी ९२ टक्क्यांच्या आसपास.

आता ड्रमचा हिशोब परत. जुन्या पिशवीतले ६०० ग्रॅम, त्यात चुना २४० ग्रॅम, म्हणजे ३.२४ मोल. पाहिजे होता निदान सहा. तीन चुन्याला चार तांबा या प्रमाणात ३.२४ मोल चुन्याने ४.३२ मोल तांबा पकडला. आठातून ४.३२ गेले, उरले ३.७ मोल, म्हणजे ४६ टक्के तांबा ड्रममध्ये मोकळा फिरत होता, वजनात साधारण २३४ ग्रॅम. चुनखडी पण तांब्याशी थोडीफार रिअॅक्शन करते पण ती इतकी हळू की कालवल्यावर तास-दोन तासांत फवारलं तर तिचा फारसा उपयोग नाही, तरी हा आकडा वरचा अंदाज म्हणून धरा. दुसऱ्या ड्रममध्ये त्याच मापाने ५५२ ग्रॅम चुना पडला, ७.४ मोल, सहा आणि आठच्या मध्ये, अगदी जिथे पाहिजे तिथे. अर्ध्या ओळीवरची रेघ इथून आली.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, तांबा दोन्ही ड्रममध्ये सारखाच होता ना, मग एक औषध आणि एक विष कसं?" हा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर देताना मला मनापासून आनंद झाला. दोन्ही ड्रममध्ये तांबा ५०० ग्रॅमच्या आसपास, अणू तेवढेच. फरक ते कुठल्या रूपात आहेत याचा. डाऊनीच्या बीजाणूला मारतो तो मोकळा तांब्याचा आयनच, तो आत शिरून त्याची एन्झाइम्स बंद पाडतो. चांगल्या बोर्डोत तांबा संयुगात बंद होऊन पानावर वाळतो, पावसाला टिकतो, आणि दव-पावसाचं पाणी, त्यातला कार्बन डायऑक्साइड, बीजाणूंमधून झिरपणारी द्रव्यं यांमुळे त्यातला अगदी थोडा थोडा आयन सुटत राहतो. बीजाणूला तेवढा पुरतो, पानाला तेवढा बाधत नाही. पहिल्या ड्रमच्या एका थेंबात मात्र पाचावर सतरा शून्यं इतके मोकळे आयन एकदम पानावर पडले, त्यात झड लागलेली, पान तासन् तास ओलं, वाळायला वावच नाही, कोवळ्या पानाची साल पातळ, आयन सरळ पेशींत. तेच काम त्याने पानाच्या एन्झाइम्सवर केलं.

या मिश्रणाचा जन्मच द्राक्षाच्या बांधावरचा आहे. अमेरिकेतून आलेल्या डाऊनीने १८७८ नंतर फ्रान्समधल्या बागा झोपवल्या होत्या. १८८२ साली बोर्डो विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांना मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर पानं शाबूत दिसली, आतल्या वेलींची गळून गेलेली. रस्त्याकडेच्या वेलींवर तिथले लोक मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. तिथून प्रयोग करत १८८५ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, रसायनाची बाजू त्यांचे सहकारी गेयाँ यांनी सांभाळली. त्यांचं सुरुवातीचं माप होतं ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात आणि १५ किलो चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, ३० लिटरमध्ये. पोरांना मोल काढायला दिले: मोरचूद ३२ मोल, चुनकळीचं एक मोल ५६ ग्रॅम म्हणून २६७ मोल. आठपटीच्या वर चुना! त्यात तांबा मोकळा राहायचा प्रश्नच नव्हता. रस्त्याकडेच्या वेली आणि आतल्या वेली, इथे पण ओळीच बोलल्या होत्या, हे मला फार आवडतं.

मग आपण पण भरमसाठ चुना का टाकत नाही, असं वडिलांनी विचारलं, रास्त आहे. टाकला तर पान जळणार नाही हे खरं, पण जास्तीच्या चुन्याने पीएच बाराकडे जातो, बरोबर दुसरं कुठलं औषध चालत नाही, गनचं नोझल चोंदतं, पानं पांढरी होतात आणि तांबा सुटायलाच उशीर लागतो. म्हणून आमच्याकडे लोक कमी चुना घेऊन पीएच सात-आठला आणतात, ते योग्यच आहे, फक्त कमी चुना घेतला की हाताशी शिल्लक राहत नाही, आणि मग चुना किती ताजा आहे यावर सगळं येतं. किलोला किलो चुना टाकणाऱ्या माणसाची ४० टक्क्यांची पिशवी पण खपून गेली असती, कारण २ किलोतले ८०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ ११ मोल.

जळालेली पानं काही परत हिरवी होत नाहीत. त्या ओळींतले शेंडे खुडले, बगलफुटी, म्हणजे बाजूचे नवे फुटवे, निघाल्या, त्यांच्यावर पुढची फवारणी नीट झाली, पण त्या ओळींच्या काड्या बाकीच्यांपेक्षा मागे राहिल्या हे पुढच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीच्या वेळी दिसत होतंच. नुकसान झालं ते झालं.

आता त्यांच्याकडे माप ग्रॅमवर थांबत नाही. १ किलो मोरचुदाला चार मोल तांबा, त्याला शुद्ध चुना कमीत कमी २२२ ग्रॅम आणि जास्तीत जास्त ३०० च्या आत, हे शेडच्या पत्र्यावर खडूने लिहिलंय. चुन्याचं दूध जरा जास्तच करून ठेवतात, मोरचुदाच्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळत राहतात, पीएच पेपर सातच्या पुढे गेला की थांबतात, आणि मग विळा. विळ्यावर काही आलं नाही तरच पंप सुरू. लोखंडी बादली मिश्रणाजवळ फिरकू देत नाहीत, कारण मोकळा तांबा तिच्यावर पण बसतो. पावडरच्या पिशवीऐवजी त्यांनी चुनकळीचे खडे आणायला सुरुवात केली, फवारणीच्या आदल्या दिवशी पाण्यात विरवायचे, ५६ ग्रॅम खड्यातून ७४ ग्रॅम ताजा चुना मिळतो. विरताना बादली चटका बसेल इतकी तापते, म्हणून प्लास्टिकची पातळ बादली नको, बादलीवर तोंड नेऊ नका आणि डोळ्याला चष्मा लावा, चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं आणि इथे पण सांगते. उरलेले खडे झाकणाच्या डब्यात, झाकणाला वरून चिकटपट्टी.

जुन्या पिशवीत सात-आठ किलो भुकटी राहिली होती. ती कॉलेजच्या मैदानावर कबड्डीची फक्की मारायला दिली, तिथे चुनखडीच लागते.